आमच्या पर्थवाल्याला विचारा

यंदाच्या उन्हाळ्यातही आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच वाद पेटला. खान्देशातल्या आमच्या गावी नळाला आठवड्याने पाणी येतं, तेही कधी येईल याचा भरवसा नाही. आता नळांना मीटर बसवायचं चाललंय. नाना म्हणाले, आधी रोज पाणी द्या, मग मोजा. त्यावर बापूने लिहिलं, ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही. दंड ठोका, बरोब्बर सुधरतील. खोटं वाटत असेल तर आमच्या पर्थवाल्याला विचारा.’ पर्थवाला म्हणजे मी, ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात राहणारा. मला विचारलं कोणीच नाही, नुसतं साक्षीला उभं केलं.

तर ऐक बापू. इथे घराच्या नंबरच्या शेवटच्या आकड्यावरून रेटिकचे, म्हणजे बागेला पाणी देणाऱ्या फवाऱ्यांचे, आठवड्यातले दोन वार ठरतात. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर. १ जून ते ३१ ऑगस्ट, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, बंदच. मोडलं तर शंभर डॉलर. लोक पाळतात, हे खरंय. पण बंधन आहे ते हिरवळीवर. स्वयंपाकघरातल्या नळाला कोणी हात लावलेला नाही. तिकडे मेलबर्नमध्ये २००८ साली, मोठ्या दुष्काळात, माणशी दिवसाला १५५ लिटरमध्ये भागवा म्हणून मोहीम काढली होती. आपल्या जलजीवन मिशनचं खेड्यांसाठीचं ध्येय आहे माणशी ५५ लिटर. म्हणजे यांची काटकसर आपल्या स्वप्नाच्या जवळजवळ तिप्पट. हंड्याने पाणी मोजणाऱ्या बाईला काटकसर शिकवायला पर्थचा दाखला कशाला देता?

शिवाय इथे नुसत्या दंडावर भागलेलं नाही. १९७०च्या दशकापासून इथला पाऊस घटत गेला, धरणांत येणारं पाणी आटलं. तेव्हा २००६ मध्ये क्विनानाला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प सुरू झाला, २०११ मध्ये बिनिंगपला दुसरा. आपल्याकडे समुद्र नाही, कबूल. तापी आहे, ती प्रकाशा गावाहून पुढे गुजरातेतल्या उकाई धरणाकडे निघून जाते. गिरणा धरण आहे नांदगाव तालुक्यात आणि डोळे लावून बसतात चाळीसगाव, भडगाव, पाचोरा. आवर्तन सुटलं की पाण्याआधी बातमी पोचते.

आणि शिस्तीचंच म्हणाल तर पांझरेकाठी फड पद्धत चालायची, ती काय होती? बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाणी पाळीने. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड कोरडा ठेवायचा ते गाव ठरवायचं. पाटकरी पाणी वाटायचा, जागल्या राखण करायचा, त्यांना धान्यात मेहनताना. पर्थ वसलं १८२९ मध्ये. फड त्याच्याही आधीचे. (इथल्या शेजाऱ्याला हे सांगितलं, तर तो ‘लव्हली’ म्हणून बार्बेक्यूकडे वळला.) पुढे विहिरी आल्या, विजेचे पंप आले, ज्याचं पाणी त्याच्या बांधात राहिलं आणि बरेच फड मोडले. माणसं तीच होती.

फडातल्या शेतकऱ्याला आपली पाळी ठाऊक होती, म्हणून तो थांबायचा. मीही माझ्या वाराची वाट पाहतो, कारण तो वार चुकत नाही. गावी पाणी सोमवारी येणार की गुरुवारी, पहाटे की दुपारी, कोणालाच माहीत नसतं. मग माणूस पिंपं भरून ठेवतो, नळाला मोटर लावून ओढतो आणि ताजं आलं की शिळं ओतून देतो. शेवटच्या गल्लीत पाण्याची धार करंगळीएवढी. वाईटच आहे हे. शिळं पाणी ओतताना पाहून माझंही डोकं फिरतं, आणि दोनशे लिटर पाण्याने अंगण शिंपणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पण पुढची पाळी नक्की कधी ते कळलं, तर निम्मी पिंपं रिकामी ठेवायची हिंमत होईल. मीटर त्यानंतर लावा, मी स्वतः नानांना समजावतो.

आता कोणी म्हणेल, तिकडे बसून बोलायला तुझं काय जातं. काहीच जात नाही, तेच खुपतं. मागे गावी गेलो तेव्हा रात्री तीनला पाणी आलं. गल्लीत हाक, ‘पानी उनं, पानी उनं!’ सगळं घर उठलं. मीही उठलो. वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, तुम्ही झोपा, तुम्हाला सवय नाही.’ प्रेमानेच म्हणाल्या. मी तरी हंडा उचलला, तर पुतणी म्हणाली, ‘काका, तो वापरायचा, प्यायचा नाही.’ पाहुण्याला सांगतात तसं सांगितलं तिने.

इथल्या सर्पेंटाइन धरणात आज किती पाणी आहे ते मला माहीत नाही, पाहावंसंही वाटत नाही. गिरणेचा टक्का मात्र पावसाळाभर रोज पाहतो. बापूला तो विचारून बघा, पटकन सांगता येणार नाही. तरी मीटरवर मत द्यायचा हक्क त्याचा. पाणीपट्टी तो भरतो.