खेळत बसली तर शिकणार कधी? त्या फॉरवर्डला उत्तर

ॲडमिशनचा सीझन आला की घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. सार असं, की प्ले-बेस्ड (खेळातून शिकवणारी) शाळा म्हणजे पालकांच्या पैशावर टाइमपास, मेंदूची ९० टक्के वाढ लहानपणीच होते म्हणून तेव्हाच लिहायला-वाचायला बसवा, हे सगळं फिनलंडचं फॅड आहे, अशी मुलं पहिलीत मागे पडतात आणि शिस्त लागत नाही ती वेगळीच. मी ठाण्यातच ज्युनिअर केजीला शिकवते, तेव्हा माझा यात स्वार्थ आहे असं धरूनच वाचा.

मेंदूचं आधी, कारण ते ऐकायला सगळ्यात शास्त्रीय वाटतं. आकड्यावर माझं भांडण नाही, सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या साधारण ९० टक्के होतोच. पण आकार वाढला म्हणजे वर्कशीट द्या हे कुठून आलं? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहा वर्षांच्या आत मेंदूचा ८५ टक्क्यांहून जास्त विकास होतो असं लिहिलंय, आणि तेच धोरण ३ ते ८ वयाच्या मुलांना खेळातून, शोधातून शिकवा म्हणतं. मेंदू भरभर घडतोय हे मान्य असेल तर त्याला हात, कान, नाक, बोलणं, पळणं सगळंच पाहिजे ना, का नुसतं ए फॉर ॲपल दहा ओळी?

आता टाइमपास. आमच्याकडे पाण्याचा टब असतो, त्यात मुलं काय काय टाकून बघतात. संत्रं टाकलं, तरंगलं. मग एकाने विचारलं, सोलून टाकू? टाक म्हटलं, पण आधी सांगा काय होईल. बहुतेकांचं म्हणणं की साल गेली म्हणजे हलकं झालं, तरंगणारच. सोललेलं संत्रं बुडालं आणि वर्गात जो गोंधळ झाला तो विचारू नका. सालीत बारीक बारीक हवेच्या पोकळ्या असतात, ती साल त्याला वर धरून ठेवते, हे मी लगेच सांगितलं नाही, साल हातात दिली, दाबून बघा म्हटलं, मग कोणीतरी नुसती सालच टाकली पाण्यात. अंदाज बांधणं, करून बघणं, चुकलं तर का चुकलं ते बोलणं, आणि ते बोलताना जड, हलकं, आत, वर, बुडणं असे शब्द आपोआप. बाहेरून बघणाऱ्याला हे पाण्यात खेळणंच दिसतं, पण टब, संत्रं आणि माझा गप्प बसायचा वेळ हे सगळं आदल्या दिवशी ठरलेलं असतं.

फिनलंडचं फॅड हे वाचून तर हसूच आलं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी काढली, पुढे १९५७ मध्ये कोसबाडला काम नेलं, सोबत अनुताई वाघ. दोन्ही गावं तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात, पालघर वेगळा झाला २०१४ ला. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्या, ही अंगणवाडीची कल्पना त्यांचीच. खेळणी कुठली, तर शंख-शिंपले, बिया, पानं, आजूबाजूला मिळेल ते. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ माँटेसोरीबाईंचा प्रभाव होता हे खरं, ताराबाई आधी गुजरातमध्ये भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांसोबत तेच काम करत होत्या, पण आदिवासी पाड्यांवर कित्येक वर्षं चाललेल्या कामाला फॅड म्हणायचं तर म्हणा बापडे.

पहिलीत मागे पडतात का? सुरुवातीला लिहिण्याचा वेग कमी असू शकतो, ते नाकारणार नाही. पण न्यूझीलंडमध्ये पाचव्या वर्षी वाचायला लागलेली आणि सातव्या वर्षी लागलेली मुलं तपासली होती, तर अकराव्या वर्षापर्यंत वाचनातला फरक उरला नव्हता. शिवाय वाचनाची तयारी खेळातच चालू असते, बडबडगीतात यमक पकडणं, नावाचा पहिला आवाज ओळखणं, मणी ओवून आणि माती मळून बोटांत जोर येणं. (मनगटाची हाडं एक्सरेत दिसत नाहीत म्हणून लिहायला देऊच नका असा उलटा फॉरवर्डही फिरतो, तोही ताणलेलाच आहे. मुलाला स्वतःहून नाव लिहायचं असेल तर लिहू दे की.) आणि पहिलीच्या ॲडमिशनला मुलाची टेस्ट घेतात म्हणून घाई करत असाल तर शिक्षण हक्क कायदा २००९ अशी चाळणी लावायला मनाई करतो, हे माहीत असू द्या.

शिस्तीबद्दल जास्त बोलत नाही. दुकान-दुकान खेळताना दुकानदार कोण यावर भांडून, मग आपणच नंबर लावणारी मुलं बघा एकदा.

एक गोष्ट मात्र त्या मेसेजमध्ये बरोबर आहे, फीची. भिंतीवर कार्टून, गेटवर प्ले-वे लिहिलेलं, आत चाळीस मुलं आणि अख्खी सकाळ ट्रेसिंगची पानं, किंवा मग मुलं मोकळी सोडलेली आणि टीचर मोबाइलवर, अशा जागा आहेत आणि त्या चांगले पैसे घेतात. तेव्हा शाळा बघायला जाल तर ऑफिसमधून परत येऊ नका, चालू वर्गात दहा मिनिटं बसायला मागा. टीचर मुलांना प्रश्न विचारते का, उत्तर येईपर्यंत थांबते का ते बघा, आणि एखाद्या कोपऱ्याकडे बोट दाखवून विचारा की हे असं का मांडलंय. मुलांना आवडतं, एवढंच उत्तर आलं तर दुसरी शाळा बघा.