‘मागे उभं राहून धुम-धुम’ : एका मिरजकरांना उत्तर

नमस्कार,

रॉन कार्टर या अमेरिकी जॅझ बेसवादकावरच्या माझ्या लेखाखाली ‘एक मिरजकर’ या नावाने तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. डबल बेसची, म्हणजे उभं राहून वाजवायच्या त्या माणसाएवढ्या खर्जातल्या तंतुवाद्याची, तानपुऱ्याशी तुलना म्हणजे शुद्ध अज्ञान. मोबाईलवर दोनदा ऐकूनही मागे धुम-धुम यापलीकडे काही सापडलं नाही. आणि ‘ज्याला ऑर्केस्ट्रात जमलं नाही म्हणून जो जॅझमध्ये गेला, त्याचं एवढं कौतुक कशाला?’

पहिला आक्षेप मान्य. तंबोऱ्यांच्या गावच्या माणसाला सांगलीकराने तंबोरा समजावू नये, हे कळायला हवं होतं. तानपुरा सा धरून बसतो. गायक कुठेही फिरून आला तरी घर जागेवर असतं. बेसवाला ते घरच हलवतो. पेटीवर करून बघा. उजव्या हाताने वरचा सा दाबून धरा आणि डाव्या हाताने खाली आधी सा, मग मध्यम, मग कोमल धैवत वाजवा. वरचा सा तोच आहे, पण मध्यमावर तो पंचम झाला आणि कोमल धैवतावर गांधार. मूर्च्छना करताना आपण षड्ज हलवतो, तेच हे लोक चालत्या गाण्यात, मात्रेमात्रेला करतात. सॅक्सोफोनवाल्याचा सूर काय ठरणार, हे मागे उभा असलेला माणूस ठरवतो. हे मी लेखात लिहायला हवं होतं. त्याऐवजी उपमा देऊन मोकळा झालो.

दुसरा आक्षेप मात्र तुमच्या मोबाईलवर ढकलतो. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण ४१ कंपनांवर लागते. हातातल्या फोनचा स्पीकर तिथवर उतरतच नाही. डग्ग्याची घुमारी त्यात जशी हरवते, तसंच हे. मी लिंक दिलेलं ‘फूटप्रिंट्स’, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या पाच जणांच्या ताफ्याचं १९६६ चं ध्वनिमुद्रण, सुरूच होतं कार्टरच्या बेसने. बरे हेडफोन लावा, नाहीतर मोठ्या स्पीकरवर ऐका. तरीही धुम-धुमच वाटलं तर मग वाद घालू.

तिसऱ्या आक्षेपाचा खरं सांगायचं तर राग आला. कार्टर दहाव्या वर्षी चेलो (व्हायोलिनच्याच कुळातलं मोठं वाद्य) शिकायला लागला, पुढे बेसकडे वळला. १९५९ मध्ये ईस्टमन या नामांकित संगीतविद्यालयातून पदवी, १९६१ मध्ये मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमधून पदव्युत्तर पदवी. गज चालवण्यात कच्चा असता तर हे झालं नसतं. ईस्टमनला असतानाच स्टोकोव्स्की या पाश्चात्त्य शास्त्रीय ऑर्केस्ट्राच्या बड्या कंडक्टरने त्याला ऐकलं आणि सांगितलं, की तुला घ्यायला आवडेल, पण आमच्या ऑर्केस्ट्राचं संचालक मंडळ कृष्णवर्णीय वादक घ्यायला तयार नाही. कार्टरने हा प्रसंग मुलाखतींतून अनेकदा सांगितलाय. ‘जमलं नाही’ आणि ‘दार उघडलं नाही’ या दोन गोष्टी एका वाक्यात कोंबू नका. आपल्याकडेही कुणाला कुठल्या देवळात, कुठल्या बैठकीत गाऊ दिलं नाही, याच्या गोष्टी तुम्ही माझ्याहून जास्त ऐकल्या असतील.

आणि जॅझमध्ये गेल्यावर त्याने पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत सोडलं नाही. बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या रचना बेसवर वाजवून ध्वनिमुद्रित केल्या. बाकी, ‘यावर पोट कसं भरतं’ हा तुमचा जाता जाता विचारलेला प्रश्न: दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर वाजवून आणि शिकवून. २०१५ मध्ये गिनेसच्या विक्रमपुस्तकवाल्यांनी मोजलं तेव्हा त्याच्या नावावर २,२२१ ध्वनिमुद्रणं होती. यातल्या बहुतेकांच्या वेष्टनावर फोटो दुसऱ्याचाच.

तानपुऱ्याचा परिच्छेद आज लेखातून काढतोय, पेटीचं उदाहरण तिथे घालतो. श्रेय ‘एक मिरजकर’ यांना देऊ, की खरं नाव कळवताय?