माफी न मागणाऱ्या बापाची सेवा

तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली, आभार. 'द सॅव्हेजेस'मधली (२००७) भावंडं, जॉन आणि वेंडी, बापाला नर्सिंग होममध्ये (म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषागृहात) टाकून मोकळी होतात, शेवटपर्यंत दिलजमाई होत नाही, आणि अशा कोरड्या चित्रपटाला मी मायेचा म्हटलं, हा तुमचा आक्षेप. तो शब्द मी मागे घेणार नाही.

मोकळं कोण झालंय? त्यांचा बाप लेनी अ‍ॅरिझोनात मैत्रिणीच्या घरी राहत असतो. ती वारते, आणि घरावर त्याचा हक्क नाही असा करार आधीच झालेला असल्यामुळे त्याला तिथे थारा उरत नाही. जॉन आणि वेंडीचा बापाशी धड संबंधही राहिलेला नाही. दोघांनीही हात वर केले असते तर कोण विचारणार होतं? पण जॉन त्याला आपल्या गावी, बफेलोला आणायचं ठरवतो आणि वेंडी न्यूयॉर्क सोडून भावाकडे येऊन राहते.

विमानातला प्रसंग पुन्हा पाहा. लेनीला बाथरूमला जायचंय, दम धरवत नाही. वेंडी त्याला आसनांच्या रांगांमधून नेत असताना त्याची पँट घसरते, आतला डायपर सगळ्यांना दिसतो. वेंडी झालेल्या लॉरा लिनीच्या चेहऱ्यावर तेव्हा प्रेम नाही, हे तुमचं म्हणणं खरंच. शरम आहे, वैताग आहे, आणि तरी त्याला सावरणारी तीच आहे. ज्याने आयुष्यभर जीव लावला त्याचं हगणंमुतणं काढणं जड जातंच. ज्याने कधी लावलाच नाही त्याचं काढणाऱ्याला आपण कोरडं कसं म्हणायचं?

'बापाने एकदा तरी चुकलं म्हणायला हवं होतं,' असं तुम्ही लिहिलंय. अहो, लेनीला डिमेन्शिया आहे! चुकलं म्हणायला काय चुकलं ते आठवावं लागतं. अशा चित्रपटांत मरणाच्या दारात रुग्णाला सगळं लख्ख आठवतं, तो मुलीचा हात हाती घेतो, व्हायोलिन वाजू लागतं, याची मला मनापासून चीड आहे. या आजारात मधूनच काही स्वच्छ आठवतं, पण ते घरच्यांच्या सोयीने नव्हे. तमारा जेंकिन्सच्या पटकथेने (तिला ऑस्करचं नामांकन होतं) ही सोय नाकारली. ज्याला जाब विचारायचा तो समोर बसलाय, पण जाब देणारा माणूस त्याच्यात उरलेला नाही. मग राग एकमेकांवर निघतो.

तरी विचारायचं ते विचारावंच लागतं. एका साध्या हॉटेलात बसून मुलं त्याला विचारतात, कोमात गेलात तर यंत्रावर ठेवायचं का, आणि गेल्यावर देहाचं काय करायचं. पुरायचं, दुसरं काय, म्हणत तो दोघांना मूर्खात काढतो. इतका खरा संवाद मी या विषयावर क्वचितच पाहिलाय.

राहिला घरी न ठेवण्याचा मुद्दा. अशा रुग्णाला रात्री-अपरात्रीही एकटं सोडता येत नाही, आणि जॉनला नोकरी आहे. वेंडी तर आहे त्याहून चांगली जागा मिळावी म्हणून धडपडते, तिथल्या प्रवेशासाठीच्या स्मृतीच्या चाचणीत शेजारी बसून बापाला उत्तरं सुचवू पाहते. तरीही ती जागा मिळत नाही.