आईची पहाट

गोव्यात फोंड्याला आई पहाटे तीनला जागी होते. इथे इंग्लंडात, स्विंडनला, ती माझी झोपायची वेळ. फोनवर तिचा प्रश्न येतो, "जागी आहेस?" तिच्या छातीत धडधडतं, पोटात गोळा येतो. हृदयाच्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. शेवटी डॉक्टरांनी चिंता आणि नैराश्याचं निदान केलं, गोळी सुरू केली. सोबत माइंडफुलनेसही, म्हणजे श्वासाकडे आणि आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देण्याचा अभ्यास, करून बघ, असं मी सुचवलं, तर मामा म्हणाले, "ध्यान आपल्याकडनं तिकडे गेलं. आता तेच आपल्याला शिकवणार?"

मामांचं म्हणणं अर्धं खरं आहे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत माइंडफुलनेसचं जे प्रशिक्षण सुरू केलं, ते बौद्ध ध्यानातूनच आलं. पुढे सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी, बरं झालेलं नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून, त्यावर आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम बांधला.

इथे शेजारच्या आजींनी असा वर्ग लावला, तेव्हा त्यांना सोबत म्हणून मी पहिल्या दिवशी गेले होते. प्रत्येकाच्या हातावर एकेक बेदाणा ठेवला. बघा, बोटांनी चाचपा, वास घ्या, मग सावकाश चावा. आजींचे हात थरथरत होते, पण दहा मिनिटं त्या फक्त त्या बेदाण्यापाशी होत्या. विचार थांबवा, असं कोणी सांगितलं नाही. विचार आला की "हा विचार आहे" एवढं ओळखायचं आणि श्वासाकडे परतायचं. मांडी घालायची सक्ती नाही, खुर्ची चालते.

आई रोज जप करते. पण हातात माळ फिरत असताना डोक्यात काळजीही फिरते, हे तिनेच मला सांगितलं. "देवाचं नाव घे" म्हणणारे पुष्कळ आहेत. त्या काळजीचं काय करायचं, हे शेजारी बसून शिकवणारं कोणी नाही.

मुलं परदेशी गेली म्हणून म्हातारी माणसं खचतात, असं गावात बोलतात. ते मला लागतं, आणि त्यात तथ्यही आहे. पण उपाय गोव्यातच सापडलेला आहे. साठीपुढच्या, नैराश्याच्या उंबरठ्यावरच्या १८१ जणांवर गोव्यात झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी त्यांना अडचणी सोडवायला, झोप सुधारायला, मधुमेहासारखे आजार सांभाळायला मदत केली. वर्षभरात त्यांच्यातल्या ४.४ टक्के लोकांना नैराश्याने गाठलं. ही मदत न मिळालेल्यांत १४.४ टक्के. ते माइंडफुलनेस नव्हतं. पण शिकवलेलं माणूस वृद्धांपर्यंत पोचलं की काय होतं, ते त्यातून दिसलं. त्याच माणसाला श्वासाचा हा अभ्यासही शिकवता येईल. आजार तीव्र असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर मात्र आधी डॉक्टरच.

चतुर्थीला घरी गेले की देवळाच्या समितीकडे मी एवढंच मागणार आहे: भजनाआधीचा अर्धा तास, दहा खुर्च्या आणि शिकवायला एक प्रशिक्षित बाई.