लघुपट काढा, पण एकमेकांना काही विचारू नका

2020 च्या शैक्षणिक धोरणाने शाखाशाखांमधल्या भिंती पाडायचं ठरवलंय. सोलापुरातल्या तुमच्या कॉलेजातही इंजिनिअरिंग, कॉमर्स, फार्मसी आणि मास कम्युनिकेशनची पोरं मिळून लघुपट काढणार असतील, तर अभिनंदन. पडणाऱ्या भिंतीच्या विटा कुणाच्या डोक्यात बसू नयेत म्हणून काही गोष्टी आधीच सांगून ठेवतो.

टीम मोठी घ्या. कुणाला काय येतं हे मात्र चुकूनही विचारू नका. विचारलं की उत्तर मिळतं, आणि उत्तर मिळालं की ते वापरावं लागतं. त्यापेक्षा शाखेचं नाव ऐकून कामं वाटून टाकावीत. इलेक्ट्रिकलचा आहे? एक्स्टेन्शन बोर्ड त्याच्या गळ्यात. सिव्हिलचा? थर्माकोल धरून उन्हात उभा करा, पुढे आयुष्यभर साइटवर उभंच राहायचंय. फार्मसीवालीकडे प्रथमोपचाराची पेटी. कॉमर्सच्या पोरीकडे इडली-वड्याची बिलं. कविता करणारा जो असेल तो आपोआप दिग्दर्शक होतो, त्याला कुणी नेमावं लागत नाही आणि थांबवताही येत नाही.

विषयासाठी लांब जाऊ नका. इतिहासाचा एखादा पोरगा 1930 चा सोलापुरातला मार्शल लॉ सुचवेल. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली, रोज त्यांच्या चार पुतळ्यांवरून जातो आपण, असं सांगेल. त्याचं वाचन झालेलं असतं, हीच अडचण. वाचलेला माणूस पटकथेत तारखा बघत बसतो. त्याला क्लॅप धरायला द्या आणि बिडी कामगार बाईवर लघुपट करा. शहराच्या पूर्व भागात घरोघरी बायका बिड्या वळतात. त्यांचं दुःख दाखवणं सोयीचं पडतं, कारण त्यांना वेळ नसतो आणि म्हणून त्या हरकत घेत नाहीत.

बिडी असो की चादर, पहिला शॉट सिद्धेश्वर मंदिराचा, तोही तलावाच्या पलीकडून. दुसरा भुईकोट किल्ल्याचा बुरूज. कथेशी काय संबंध, असं कुणी विचारलंच तर ‘शहर हेच एक पात्र आहे’ म्हणावं. ड्रोन तर लागतोच. कुणाच्या तरी मामेभावाकडे लग्नाच्या शूटिंगचा असतो. 2021 च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे, लाल असे भाग पाडलेत, होटगी रोडला विमानतळ आहे, तेव्हा उडवण्याआधी नकाशा बघू या, असं कॉम्प्युटरचा पोरगा म्हणेल. त्याला पोस्टर करायला बसवा.

आता खुद्द शूटिंग. समजा पूर्व भागातल्या एका लहानशा खोलीत तुम्ही सगळे घुसलात. मावशी भिंतीला टेकून बसल्यात. मांडीवर सूप, सुपात ओलसर तेंदूपानं, तंबाखू, कात्री. पत्र्याचा फर्मा ठेवून पान कापायचं, चिमूटभर तंबाखू भरून वळायचं, दोऱ्याचा वेढा मारायचा, तोंड नखाने दुमडायचं. सगळं खाली न बघता. मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने मिळते, त्यामुळे दिग्दर्शक त्यांना त्यांची वेदना समजावून सांगत असतानाही हात चालूच.

‘मावशी, जरा हळू. डोळ्यांत पोकळी येऊ द्या.’

मावशी कॉमर्सच्या पोरीकडे बघून तेलुगूत काहीतरी विचारतात. ती हसू दाबत सांगते, ‘पोरं जेवून आलीत का, विचारतायत.’

इथे सावध राहा. ही पोर घरी तेलुगू बोलते, तिच्या आजीचं आयुष्य बिड्या वळण्यात गेलं. पटकथेतला ‘हे तंबाखूचे कण, हेच माझ्या आयुष्याचे क्षण’ हा संवाद पूर्व भागातलीच काय, त्रिखंडातली कुठलीही बाई बोलणार नाही, हे तिला पानावर नजर टाकताक्षणी कळलेलं असतं. तिने तोंड उघडायच्या आत इडलीचा हिशेब मागावा.

नायिका तुमच्या नाट्यशास्त्राची. तिने वळलेली बिडी हातातल्या हातात उलगडते. मग हात मावशींचे आणि चेहरा नायिकेचा, अशी सोय करावी. दोघींच्या कातडीचा रंग जुळत नाही, तो कलर ग्रेडिंगमध्ये बघू म्हणावं. ग्रेडिंग म्हणजे सगळं पिवळं करणं. श्रीमंती निळसर आणि गरिबी पिवळी, हे आता ठरूनच गेलंय. गरिबांना कुणी कळवलं नाही एवढंच.

खोलीत चोकवाली एकच ट्यूबलाइट. मोबाइलच्या पडद्यावर काळे पट्टे वरून खाली सरकू लागतात. कोपऱ्यात बोर्ड सांभाळत उभा असलेला इलेक्ट्रिकलवाला पुटपुटतो, ‘शटर बदल बे. एकावर पन्नास कर.’ आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होते. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या 1/50 किंवा 1/100 वर नेलं की पट्टे जातात. चार वर्षं पोरगा हेच शिकतोय. पण एवढ्या सोप्या उत्तराने दिग्दर्शकाची किंमत कमी होते. ‘तू बोर्ड बघ बे’ असं त्याला सुनवावं. पट्ट्यांना नंतर नायिकेच्या मनातली घालमेल म्हणता येतं. एखाद्या परीक्षकाला ती आवडतेसुद्धा.

आवाजाचं तर विचारूच नका. शेजारच्या कारखान्यात यंत्रमाग चालू, धोट्याच्या खटखटाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मास कम्युनिकेशनची पोरगी सुचवते की संवाद नंतर डब करू, आणि मागाचा आणि खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट वेगळा टिपून घेऊ, म्हणजे एडिटिंगला जोड लपतात. त्यासाठी अख्ख्या टीमने अर्धा मिनिट गप्प बसायला हवं. जमण्यासारखं सांगा की. त्यापेक्षा बासरी टाकावी. बासरीखाली काहीही झाकतं.

लांबीची चिंता नको. ऑस्करच्या नियमात श्रेयनामावली धरून 40 मिनिटांपर्यंतचा तो लघुपट. तुमचा 9 मिनिटांचा भरला, तर नावांना 31 मिनिटं शिल्लक राहतात. प्राचार्य, उपप्राचार्य, समन्वयक, सहसमन्वयक, ड्रोनवाला मामेभाऊ, सगळे आरामात बसतात. मावशींचं नाव विचारायचं राहिलंच. ‘विशेष आभार : बिडी कामगार महिला’ असं टाकलं की सगळ्याच महिला आल्या.

आणि मग अनुभव अहवाल. श्रेयांकाचे गुण खरे तर यालाच. एकाने चॅटजीपीटीकडून लिहून घ्यावा, बाकीच्यांनी नावं बदलावीत. ‘विविध विद्याशाखांच्या दृष्टिकोनांचा संगम’ हे वाक्य हवंच. ते नसलं तर संगम झाला नाही असं धरतात. संघभावना, वेळेचं नियोजन, नेतृत्वगुण यांना एकेक परिच्छेद. प्रत्येक तुकडीत एखादा आडमुठा निघतो आणि स्वतःच्या हाताने लिहून आणतो : ‘मी एक्स्टेन्शन बोर्ड धरला. शटर 1/50 पाहिजे होतं.’ त्याच्या कागदावर सरांनी लाल शाईत लिहावं, ‘सकारात्मक लिहा.’

सोबत फोटो जोडायचे. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला जिओटॅगवाले लागतात, अक्षांश-रेखांश आणि तारखेसकट. कॅमेऱ्याभोवती सगळी टीम, मध्ये सर, एकाचा अंगठा वर. या फोटोचा फोकस लघुपटातल्या कुठल्याही शॉटपेक्षा चांगला येतो, कारण तो टपरीवर उभ्या असलेल्या एका अनोळखी काकांनी काढलेला असतो.

अहवालाच्या नमुन्यात लघुपटाची लिंक द्यायचा रकाना शोधू नका. पेन ड्राइव्ह घेऊन थेट स्टाफरूमला जावं.

‘सर, फिल्म कुठं देऊ?’

‘टाक की ग्रुपवर. पण आधी फोटो दे.’