लोरीन, ॲबा आणि "सगळं सेटिंग असतं" म्हणणारा तो मेसेज

फेब्रुवारी उजाडला की इकडे स्वीडनमध्ये मेलो सुरू होतं आणि आमच्या घरच्या ग्रुपवर तोच एक मेसेज फिरून परत येतो. या वेळी तो सांगलीच्या आत्याने पाठवला. खाली तिने लिहिलं होतं, "अगं, तुमच्याकडेही सगळं सेटिंगच का?" आत्याने आयुष्यभर गाण्याच्या शिकवण्या घेतल्या आहेत. गाण्याच्या स्पर्धेत लबाडी झाली असं कुणी म्हटलं की तिच्या जिवाला लागतं. माझा राग तिच्यावर नाही. पडताळून न बघता हे तिच्यापर्यंत पोचवणाऱ्यांवर आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मेलो म्हणजे मेलोडिफेस्टिवालेन. एसव्हीटी ही इथली सार्वजनिक वाहिनी 1959 पासून ही स्पर्धा घेते. सलग काही शनिवार गावोगावच्या फेऱ्या होतात, मग मोठी फायनल, आणि जो जिंकेल तो मे महिन्यात युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेला स्वीडनचं गाणं घेऊन जातो. मेसेजमध्ये दावे असे आहेत: 2024 साली ॲबा या इथल्या जगप्रसिद्ध बँडच्या युरोव्हिजन विजयाला 50 वर्षं होणार होती आणि तो सोहळा स्वीडनमध्ये व्हावा, म्हणून 2023 च्या युरोव्हिजनमध्ये लोरीन या स्वीडिश गायिकेला ठरवून जिंकवलं. मेलोचा विजेताही आधीच ठरतो, लोकांची मतं नुसती दाखवायला. लोरीन "बाहेरून आणलेली" आहे. स्वीडिश लोकांनी स्वतःची भाषा टाकली. आणि मतांच्या नावाखाली पैसा उकळतात.

आधी ॲबा, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

एक गोष्ट खरी आहे. ॲबाने 6 एप्रिल 1974 ला ब्रायटनला 'वॉटर्लू' गाऊन युरोव्हिजन जिंकलं आणि 2024 ला त्याला बरोबर 50 वर्षं झाली. जिंकणाऱ्या देशाकडे पुढच्या वर्षीचं यजमानपद येतं, हेही खरं. पण तारखा जुळल्या म्हणजे कट शिजला असं होत नाही. वर्धापनदिनासाठी असं काही घडवून आणणारी माणसं असतील, तर चाळीसाव्या वर्षी ती कुठे होती? 2014 चं यजमानपद मिळवायचं तर 2013 ला जिंकायला हवं होतं. 2013 ची स्पर्धा तर स्वीडनच्याच घरात, माल्म्योला झाली होती. त्या वर्षी स्वीडनचं गाणं 14 वं आलं आणि 2014 ची स्पर्धा कोपनहेगनला गेली.

बरं, ठरवून यजमानपद आणलं म्हणता, तर सोहळा तसा व्हायला नको का? लोरीन जिंकल्यावर लगेचच्याच दिवसांत ॲबाच्या दोघा संगीतकारांनी सांगून टाकलं की आम्ही मंचावर येणार नाही. आणि ते आले नाहीत. 2024 ची स्पर्धा माल्म्योला झाली, तिथे पडद्यावर त्यांच्या डिजिटल प्रतिमा दिसल्या, 'वॉटर्लू' इतर गायकांनी गायलं. स्टॉकहोम हे ॲबाचं शहर, त्यांचं संग्रहालय तिथेच आहे, पण स्पर्धा तिथे झालीच नाही. स्टॉकहोमला लागूनच असलेल्या सोल्नाच्या मोठ्या स्टेडियममध्ये त्याच मे महिन्यात टेलर स्विफ्टचे कार्यक्रम होते आणि ग्लोब हा शहरातला मोठा हॉल दुरुस्तीसाठी बंद होता. ज्यांनी युरोपभरची मतं फिरवली, त्यांना स्वतःच्या राजधानीत एक हॉल राखून ठेवता आला नाही, असं समजायचं का आम्ही?

आता मतं. युरोव्हिजन भरवणारी युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन दर वर्षी सविस्तर निकाल जाहीर करते. कुठल्या देशाच्या ज्युरीने किती गुण दिले, प्रेक्षकांनी किती दिले, इतकंच नाही तर ज्युरीतल्या प्रत्येकाने कुठलं गाणं कितव्या नंबरवर ठेवलं तेही. हा मेसेज लिहिणाऱ्याने तो निकाल एकदा उघडला असता तर पुढचं लिहायची गरजच पडली नसती.

2023 च्या लिव्हरपूलच्या फायनलचे आकडे असे. लोरीन 583: ज्युरीचे 340, प्रेक्षकांचे 243. फिनलंडचा केरिया 526: ज्युरीचे 150, प्रेक्षकांचे 376. स्पर्धेत 37 देश होते. आपल्याच गाण्याला मत देता येत नाही, म्हणजे स्वीडनला गुण देऊ शकणारे 36. त्या वर्षी प्रत्येक देशाची ज्युरी पाच जणांची होती, म्हणजे 180 माणसं. संगीतकार, गायक, रेडिओवाले. ती आपापल्या देशात बसून फायनलच्या आदल्या रात्रीची रंगीत तालीम बघतात आणि गुण देतात. एका बँडच्या पन्नाशीसाठी 36 देशांतल्या 180 माणसांना कुणी पटवलं, आणि इतक्या वर्षांत त्यातला एकही बोलला नाही, हे पटायचं कसं?

ज्युरी कधी लबाडी करतच नाही असं मी म्हणत नाही. 2022 ला दुसऱ्या सेमी फायनलमध्ये सहा देशांच्या ज्युरींनी एकमेकांना गुण दिल्याचं दिसलं. पण ते दिसलं कारण मतं तपासली जातात. त्या सहांची मतं बाद झाली आणि 2023 ते 2025 या वर्षांत सेमी फायनलचा निकाल फक्त प्रेक्षकांच्या मतांवर लागला. सहा जणांनी संगनमत केलं तर पकडले गेले, आणि छत्तीस जणांनी केलं तर पत्ताच लागला नाही?

आणि हेही कबूल करते, जरा जिवावर येऊनच, कारण मला लोरीनचं गाणं फार आवडतं. त्या रात्री लोकांचा लाडका केरियाच होता. ज्युरीचे गुण वाचले जात होते तेव्हा हॉलमधला जमाव त्याच्या गाण्याचे शब्द ओरडत होता, ते मी घरी टीव्हीवर ऐकलंय. लोरीनला एकाही देशाच्या प्रेक्षकांकडून 12 गुण मिळाले नाहीत. ज्युरीचं वजन कमी करा असं कुणी म्हटलं तर ती चर्चा जरूर व्हावी, मीही त्यात बसेन. पण लोरीन प्रेक्षकांच्या यादीतही दुसरी होती. दोन्ही याद्या मिळून जो पुढे तो जिंकतो, हा नियम स्पर्धेच्या आधीपासून सगळ्यांना माहीत होता. निकाल न आवडणं वेगळं आणि तो खोटा म्हणणं वेगळं.

मेलोतच विजेता ठरलेला असतो, हा दावा तर मेलो न बघणाऱ्यानेच केलेला आहे. एसव्हीटीची लाडकी म्हणून जिचं नाव घेता, त्या लोरीनचंच बघा. 2011 ला ती दुसऱ्या संधीच्या फेरीतून बाहेर पडली. 2012 ला जिंकली आणि बाकूला जाऊन युरोव्हिजनही जिंकून आली. एवढं झाल्यावर 2017 ला पुन्हा उतरली, तर पुन्हा त्याच दुसऱ्या संधीच्या फेरीत एका तरुण मुलाकडून हरून घरी गेली. आधी युरोव्हिजन जिंकलेल्या गायिकेला फायनलसुद्धा दिसली नाही. 2023 ला जिंकली ती 177 गुणांनी, दुसऱ्या नंबरला 138. परदेशी ज्युरींचे 92, प्रेक्षकांचे 85. दोन्हीकडे पहिली.

आणि 2025? सट्टेबाजांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे म्हणत होते मोन्स सेल्मेर्लव्ह जिंकणार, 2015 चा युरोव्हिजन विजेता. परदेशी ज्युरींनी त्यालाच वर ठेवलं. प्रेक्षकांनी फिनलंडच्या तिघा मित्रांचं सौनाच्या, म्हणजे गरम वाफेच्या खोलीतल्या आंघोळीवरचं गमतीचं गाणं उचलून धरलं आणि 164 विरुद्ध 157 ने ते जिंकले. लोकांच्या मताला किंमत नाही म्हणणाऱ्यांनी ती रात्र बघायला हवी होती.

मतं कशी जातात ते आमच्या घरात दिसतं. दर शनिवारी पोरांना इथे आठवड्याची गोळ्या-चॉकलेटं मिळतात. माझी सात वर्षांची लेक तिची पिशवी मांडीवर घेऊन सोफ्यावर बसते, चिकट बोटांनी माझा फोन धरते आणि आवडलेल्या गाण्याला हृदयाचं बटण दाबते. एका गाण्याला पाचदा दाबता येतं. ती प्रत्येक वेळी मोठ्याने मोजते. पाचवं झालं की फोन माझ्या हातात देते आणि सांगते, आता तू. अॅप सुरुवातीला वय विचारतं, कारण 2019 पासून प्रेक्षकांचे वयाप्रमाणे गट केलेले आहेत. 3 ते 9 वर्षांच्या मुलांचा एक गट, तसे सात गट, आणि आठवा फोनवरून मत देणाऱ्यांचा. प्रत्येक गटाचं वजन सारखं. म्हणजे तिच्या वयाच्या पोरांच्या शब्दाला माझ्या वयाच्या लोकांइतकीच किंमत. वय खोटं टाकता येतं, ते कबूल. पण एखाद्या गायकाच्या चाहत्यांनी झुंडीने मतं टाकली तरी बाकीचे गट त्यांच्या हातात जात नाहीत. हे अॅपवरचं मत फुकट असतं, तेव्हा पैसे उकळण्याचा मुद्दा इथेच मिटला. फोनवरच्या मताला पैसे पडतात, पण तो फोन करा म्हणून कुणी मागे लागत नाही.

आता ज्या वाक्याने मला रात्री झोप लागली नाही ते. "लोरीन बाहेरून आणलेली."

लोरीन 1983 साली स्टॉकहोमला जन्मली आणि वेस्तेरोसला वाढली. आईवडील मोरोक्कोचे, तिथल्या मूळ रहिवासी अमाझिग समाजातले. ती बाहेरची कशी? 2023 ला मेलोत तिच्यामागे दुसरे आले ते मार्कुस आणि मार्टिनुस, नॉर्वेचे जुळे भाऊ. पुढच्याच वर्षी ते मेलो जिंकले आणि माल्म्योत, स्वीडनच्या घरच्या मंचावर, स्वीडनतर्फे उभे राहिले. त्यांना या मेसेजमध्ये कुणी बाहेरचं म्हटलेलं नाही. 2025 चे ते तिघे तर फिनलंडचे. त्यांच्याबद्दलही चकार शब्द नाही. आणि ज्या ॲबासाठी एवढा कट झाला म्हणता, त्यांच्यातली फ्रीडा 1945 साली नॉर्वेत जन्मली होती. तीही चालते. नॉर्वेत जन्मलेली चालते, नॉर्वेचे भाऊ चालतात, फिनलंडचे मित्र चालतात, आणि स्टॉकहोममध्ये जन्मलेली सावळी लोरीन तेवढी बाहेरची? या यादीत फरक कातडीच्या रंगाशिवाय दुसरा कुठला आहे, ते मला कुणीतरी दाखवून द्यावं.

हे वाक्य मराठीत भाषांतर होऊन आपल्या घरांत फिरतंय, हे जास्त बोचतं. माझी लेक गोथेनबर्गच्या दवाखान्यात जन्मली. घरी मराठी बोलते, शाळेत स्वीडिश. गणपतीत आरती म्हणते आणि लुसिया या इथल्या दिव्यांच्या सणाच्या दिवशी पांढरा झगा घालून डोक्यावर दिव्यांचा मुकुट ठेवते. पुण्यातली, नागपूरची, कोल्हापूरची कितीतरी पोरं इथे अशीच वाढताहेत. उद्या त्यातलं कुणी मेलोच्या मंचावर उभं राहिलं, तर "बाहेरून आणलेली" हा शब्द त्यांच्यासाठीही तयार आहे, आणि तो आपल्याच माणसांनी पुढे ढकललेला असेल. हे मी आत्याला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मी ते वाक्य वाचलंच नव्हतं गं. वरचं वाचलं आणि पाठवलं."

राहिली भाषा. यात अर्धं खरं आहे. 1999 ला युरोव्हिजनने कुठल्याही भाषेत गायची मुभा दिली आणि तेव्हापासून स्वीडनने पंचवीस वर्षं स्वीडिश गाणं पाठवलंच नाही. मला स्वतःला त्याचं वाईट वाटायचं. पण 2025 ला ते बदललं, आणि कसं बदललं ते मराठी माणसाला लगेच कळेल. फिनलंडमध्ये स्वीडिश बोलणारी थोडी माणसं आहेत. हे तिघे तिथल्या व्योरो नावाच्या गावचे, आणि त्यांनी गायलं ते त्यांच्या गावाकडच्या बोलीत. बेळगावच्या पोरांनी मुंबईत येऊन आपल्या बेळगावी मराठीत गावं आणि सगळ्या महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घ्यावं, तसं. 1998 नंतर युरोव्हिजनला गेलेलं स्वीडनचं हे पहिलं स्वीडिश गाणं. बासलला ते चौथं आलं. त्या वसंतात आमच्या लेकीच्या शाळेत पोरं डबा खातानासुद्धा तेच गात होती, ती बोली ज्यांना धड कळत नव्हती तीही.

आत्याला मी 2023 चा सविस्तर निकाल पाठवला आहे, सगळ्या देशांच्या ज्युरींच्या क्रमांकांसकट. तिने तो वाचला आणि ज्या ग्रुपवरून मेसेज आला होता तिथे परत टाकला. खाली लिहिलं, "आधी हे बघा, मग बोला." तिच्या दोन विद्यार्थिनींनी लगेच विचारलं, बाई, ते आंघोळीचं गाणं कुठे ऐकायला मिळेल?