भोपाळचे ‘ठणठणीत’ आणि मामांचा फॉरवर्ड

रविवारी सकाळी मामांनी ‘आजोळ’ ग्रुपवर एक लांबलचक मजकूर टाकला. 1984 च्या भोपाळच्या विषारी वायुगळतीबद्दल, ‘भोपाळचे दडवलेले सत्य’. पाच मुद्दे, प्रत्येकापुढे लाल बोट. थोडक्यात सांगते. एक, ज्या घरात अग्निहोत्र होत होतं तिथलं कुणीच गेलं नाही, आजूबाजूची वस्ती मात्र साफ झाली. दोन, तो वायू पाण्याशी संयोग होऊन लगेच नाहीसा होतो, त्यामुळे चाळीस वर्षांनी त्रास होणं अशक्य. जे वाचले ते ठणठणीत आहेत. तीन, दमा-खोकला हे बिडी-तंबाखूचे प्रताप, नाव गॅसचं. चार, सगळा खटाटोप भरपाईसाठी. पाच, तोंडावर ओला रुमाल धरला असता तर कुणी मेलंच नसतं.

त्याच ग्रुपवर माझी भोपाळची मावशी आहे. दुपारी तिचा फोन आला. रागावली नव्हती, तेच जास्त लागलं. म्हणाली, “अगं, म्हणजे मी चाळीस वर्षं नाटक करतेय का?” एवढं विचारताना मधे दोनदा थांबली, कारण एका दमात तिचं वाक्य पुरं होत नाही.

मावशीचे यजमान रेल्वेत. 1984 साली ते स्टेशनजवळच्या क्वार्टरमध्ये राहायचे. युनियन कार्बाइडचा कारखाना उत्तरेला, आणि त्या रात्री वारा शहराकडे. 2 डिसेंबरला रविवार होता, लवकर निजानीज झाली. मध्यरात्रीनंतर कुणीतरी घरात मिरच्यांची धुरी द्यावी तसा ठसका लागून सगळे उठले. पुढचं ती फारसं सांगत नाही. एक चप्पल पायात होती आणि एक नव्हती, एवढंच दर वेळी सांगते.

आता ‘नाहीसा होतो’बद्दल. त्या रात्री गळलेलं मिथाइल आयसोसायनेट पाण्याशी झटकन संयोग पावतं, हे खरं. पण मामा, डोळे, घसा, फुप्फुसं ओलीच असतात ना? तो वायू ‘नाहीसा’ झाला तो तिथेच, आतल्या नाजूक अस्तरावर. उकळतं दूध हातावर सांडलं तर दूध लगेच पुसता येतं, म्हणून भाजलेलं जातं का? मावशीच्या छातीत आज वायू नाही, हे तिलाही कळतं. तेव्हा भाजलेलं फुप्फुस आहे, आणि त्याच्यावरच ती जगते आहे.

‘जे वाचले ते ठणठणीत’ हे तर मला सगळ्यात लबाड वाटतं. जे टिकले नाहीत ते सांगायला येणार कुठून? सरकारचाच मृतांचा आकडा बघा. आधी 2,259, मग 3,787, आणि भरपाईच्या निवाड्यांत पाच हजारांच्या वर. काही मृत्यू उशिरा झाले, काही उशिरा मान्य झाले. पीडितांच्या संघटना याहून कितीतरी मोठे आकडे सांगतात; त्या वादात मी पडत नाही.

तंबाखूचं उत्तर एकाच अभ्यासात मिळतं, म्हणून तो नीट सांगते. दुर्घटनेला दहा वर्षं होत असताना, 1994 मध्ये आंतरराष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे डॉक्टर भोपाळला आले. कारखान्यापासून कमीजास्त अंतरावर राहणारी 454 प्रौढ माणसं त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली, त्यांच्या तक्रारी नोंदवल्या, त्यांच्यातल्या काहींना यंत्रात फुंकायला लावून श्वास मोजला. 1997 मध्ये ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. कारखान्यापासून जसजसं लांब जावं तसतशा श्वासाच्या तक्रारी कमी होत गेल्या, आणि वाचलेल्यांच्या बारीक श्वासनलिकांत कायमचा अडथळा राहिला आहे तो वायूमुळेच असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. बिडी काय कारखान्यापासूनचं अंतर मोजून ओढतात? मावशीने तर आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नाही.

पुढच्या पिढीबद्दल फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही, तेही बरंच झालं. कारखान्याजवळच्या 865 गरोदर बायकांची माहिती तेव्हा गोळा केली गेली होती. त्यातल्या 43 टक्के गर्भधारणांत जिवंत मूल जन्मलंच नाही. आणि 2023 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोच्या अभ्यासकांनी दाखवलं की त्या वेळी आईच्या पोटात असलेल्या मुलग्यांमध्ये पंधरा वर्षांनी काम करण्याच्या आड येणारं अपंगत्व जास्त आढळलं. त्यांनी त्या रात्री श्वाससुद्धा घेतला नव्हता.

भरपाई. खोटे दावे झाले, मान्य. दहा लाखांवर दावे दाखल झाले आणि साधारण पावणेसहा लाख मंजूर झाले. नाकारलेले सगळेच खरे असतील असं मीही म्हणणार नाही. पण 1989 च्या 47 कोटी डॉलरच्या तडजोडीतून बहुतेकांच्या हातात काय पडलं? आधी पंचवीस हजार, कित्येक वर्षांनी आणखी पंचवीस हजार. चाळीस वर्षांत वाटलं तर महिन्याला एकशेचार रुपये. मावशीच्या पंपाची किंमत मामांनी मेडिकलवाल्याला विचारावी. तिच्याकडे दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घड्या घातलेले दाव्याचे कागद आहेत, घड्यांवर फाटलेले. ते काढताना ती आधी हात पुसते.

ओल्या रुमालात तथ्य आहे. पाण्याशी संयोग होतो म्हणूनच ओलं फडकं तोंडावर धरलं तर थोडाफार बचाव होतो. पण हे त्या रात्री लोकांना सांगितलं कुणी? टाकीत काय भरलंय हेच वस्तीला माहीत नव्हतं. टाकी गार ठेवणारं यंत्र बंद, निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा बंद. दोष मात्र रुमाल न धरणाऱ्यांचा.

राहिलं अग्निहोत्र. आमच्याही घरी तांब्याचं पात्र आहे; गोवऱ्या, तूप, अक्षता, सूर्योदय, सूर्यास्त सगळं माहीत आहे. कुणाला त्यातून शांतता मिळत असेल तर मी का मोडता घालू? पण पाच लाखांहून जास्त माणसं वायूच्या तडाख्यात सापडली. मृतांचा सगळ्यात मोठा आकडा धरला तरी त्यातली बहुतेक माणसं वाचली. काझी कॅम्पात वाचली, सिंधी कॉलनीत वाचली, अगदी कारखान्यासमोरच्या जयप्रकाश नगरातही वाचली. त्यांनी काय पेटवलं होतं? हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरणारा. कुणाचं दार घट्ट बसत होतं, कुणी माडीवर होतं, कुणी वाऱ्याला आडवं पळालं. एक वाचलेलं घर धरून बसायचं आणि शेजारची हजारो वाचलेली घरं बघायचीच नाहीत, हा कसला पुरावा?

आणि मावशीकडे त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावून रामरक्षा म्हटली होती. शेजारच्या पोराचीही झाली होती. तो सकाळपर्यंत राहिला नाही. मामा, त्याच्या रामरक्षेत काय कमी पडलं, हे त्याच्या आईला सांगायला तुम्ही जाणार आहात का?

मी राहते डोंबिवलीत, एमआयडीसीच्या निवासी भागात. 23 मे 2024 च्या इथल्या रासायनिक कारखान्यातल्या स्फोटाने आमच्या खिडकीची काच फुटून आत आली. उद्या इथे गळती झाली आणि हा फॉरवर्ड वाचून कुणी दारं लावून गोवऱ्या पेटवत बसलं तर? मिथाइल आयसोसायनेट ज्वलनशील असतं. असे इतरही कितीतरी वायू असतात. गळतीत आग पेटवायची नाही, तोंडावर ओलं फडकं धरायचं, वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघायचं, वायू जड असेल तर उंचावर जायचं. मामांना पाठवायचंच असेल तर हे पाठवा.

मी एवढं सगळं ग्रुपवर लिहिलं. मामांनी “बरं, काढून टाकतो” म्हणून अंगठा दाखवला आणि ‘डिलीट फॉर मी’ दाबलं. त्यांच्या फोनवरून तो गेलाय. आमच्या सगळ्यांच्या फोनवर अजून आहे, मावशीच्याही.